मंगेशची नोकरी टिकवताना

लिंबायतमध्ये माझं छोटं समुपदेशन केंद्र आहे. आई गरोदर असताना दारू पोटात गेली की कधी कधी बाळाच्या मेंदूवर जन्माचा परिणाम होतो. अशी मुलं मोठी झाली की माझ्याकडे येतात. विषय रडायचा, पण घरी मी एकेक गोष्ट हसतहसतच सांगते. नवरा म्हणतो, "तुला पगार किश्शांतच देतात वाटतं."

*

मंगेशच्या आईला पहिल्याच भेटीत विचारलं, "तेव्हा दारू घेतली होती का?" तिच्याआधी बापच बोलला, "काय मॅडम, गुजरातेत दारूबंदी आहे. इथे कुठे मिळते?"

हे तो अशा वासासकट बोलला, की मी उठून खिडकी उघडली.

तो गेल्यावर ती म्हणाली, "मिळायची, ताई. लूमवर कापड विणून आल्यावर अंग दुखायचं, तर हेच द्यायचे घोटभर. मला कुणी सांगितलंच नाही." फार वाईट वाटलं मला. तिचा हात धरून बसले.

*

मंगेश चोवीस वर्षांचा, कोसाडला राहतो. त्याला वेळेचा अंदाजच येत नाही, त्यापायी एकही नोकरी टिकली नव्हती. आता साडी-पॅकिंगच्या कारखान्यात दुपारपाळी लागली होती. हीपण गेली तर आई खचणार, हे मला पक्कं ठाऊक होतं.

मी त्याच्या फोनमध्ये आईच्याच आवाजात अलार्म भरले. मस्त चाललं. मग मामेबहिणीच्या लग्नात, ऐन मंगलाष्टकांत, खिशातून आई ओरडली, "मंगेश, ऊठ, आंघोळ कर!"

पठ्ठ्या उठला, मंडपामागे आचाऱ्याच्या पाण्याच्या पिंपाशी गेला आणि आंघोळ करून आला. त्या लग्नात मठ्ठा झाला नाही.

*

त्याचे शेठ रमणिकभाई. त्यांना मी सांगितलं, "एका वेळी एकच काम सांगा. ते झालं की पुढचं." शेठना ही युक्ती जरा जास्तच आवडली.

आठवड्याने त्यांच्या बायकोचा फोन. "बेन, यांना काय शिकवलंत? सकाळी म्हणतात, आधी चहा कर. झाला की सांग, मग पुढचं सांगतो."

मी म्हटलं, "तुम्हीही त्यांना तसंच सांगा."

"सांगितलं ना. म्हटलं, ओट्यावर जाऊन बसा. अजून पुढचं सांगितलेलं नाही."

*

एकदा साड्यांचा गठ्ठा सापडेना. शेठचा फोन आला, "मंगेशने चोरी कबूल केली. आजच काढतो त्याला."

रिक्षा करून कारखान्यात पोचले. त्याची आई दारात रडत होती. मी शेठना सांगितलं, समोरचा रागावू नये म्हणून हा कशालाही हो म्हणतो. आठवत नाही तिथे मनाने काहीतरी भरतो. शेठ ऐकेनात. शेवटी त्यांच्यादेखतच विचारलं.

"मंगेश, साड्या तू नेल्यास?"

"हो, ताई."

"कारखान्याचा जिना?"

"हो."

"तापीवरचा पूल?"

तो जरा विचारात पडला. "हो. पण परत ठेवला."

सगळा कारखाना हसला. शेठ हसले नाहीत. त्यांनी विचारलं, "परत का ठेवलास?"

"लोकांना कामावर जायचं असतं ना, शेठ."

शेठनी पॅकिंगच्या टेबलाकडे बोट केलं. मग म्हणाले, "मग उभा काय राहिलास? तू पण जा कामावर."