पाडव्याचा जोडा

माझे बाबा सालदार होते, म्हणजे वर्षभरासाठी एकाच शेतकऱ्याकडे राबणारा गडी. साल गुढीपाडव्याला सुरू व्हायचं आणि पुढच्या पाडव्याला संपायचं. त्या दिवशी मालक ओसरीवर सुपारी, घोंगडी आणि नवा जोडा मांडायचे. गड्यानं जोडा पायात घातला की साल धरलं. तोंडानं कोणी फारसं बोलायचंच नाही. समुद्रपूरजवळच्या आमच्या गावात बाबा माझ्या जन्माआधीपासून हा जोडा घालत आले होते, आणि त्यांच्या सालात माय आपोआप यायची. गोठ्यातलं शेण, झाडझूड, मालकीणबाईंचं पाणी, सगळं तिच्याकडे. तिला सुपारी कोणी दिली नव्हती. पण आमची खोपडी, म्हणजे राहायची झोपडी, मालकाच्याच जागेत, मग विचारणार कोण?

आणीबाणी उठली त्या वर्षीच्या हिवाळ्यात मी नववीत होते. मायच्या कमरेनं त्याच थंडीत दगा दिला, तिला वाकता येईना. पहाटे मी गोठा काढायचे, राखेनं हात घासायचे आणि पायी शाळा गाठायचे. एक दिवस मालक बाबांना म्हणाले, "पाडव्यापासून पोरीलेच घे गोठ्यात. शिकून काय कलेक्टर होनार हाये का?" बाबा मान डोलावून घरी आले. मला दहावी करायची होती. त्या वयात दुसरं काहीच नको होतं मला, आणि तेच जायला निघालं होतं.

इतिहासाचे सर वर्ध्याहून एसटीनं यायचे. पुस्तकात गुलामांच्या व्यापारावर दोनच ओळी होत्या. सरांनी त्या वाचल्या, पुस्तक मिटलं आणि विचारलं, "बैलबंडीत कापूस जास्त मावावा म्हणून काय करता रे?"

वर्ग उसळलाच! आम्हाला येणारा प्रश्न सरांनी पहिल्यांदा विचारला होता. कोणी म्हणालं, पोट्ट्यायले वर चढवून तुडवतो. कोणी म्हणालं, आधी कोपरे भरतो, कुठी जागा राहू देत नाई. मीही ओरडले, "पाय जुळवून तुडवा लागते सर, नाईतर फुगते!"

सर हसले नाहीत. म्हणाले, "आफ्रिकेतून धरून आणलेली माणसं जहाजात अशीच भरत. कुशीवर निजवून, एकाला एक चिकटवून, पायात बेड्या घालून. असे कित्येक आठवडे. मेलं त्याला समुद्रात टाकत. उरले त्यांना पलीकडे नेऊन विकत. त्यांच्याकडून काय करून घेत, माहीत आहे? ऊस, तंबाखू आणि आपण पिकवतो तोच, कापूस."

दिवाळीपासून वेचणी चालू होती आणि बोंडांनी आमची सगळ्यांची बोटं फाटलेली होती. मी माझी ओढणीत लपवली, का कोण जाणे. सर सांगत राहिले. त्यातले कितीतरी पळाले, जहाजावरच उलटून लढले, पकडले गेले तरी पुन्हा पळाले. आणि विकलेल्या बाईचं लेकरू जन्मतःच मालकाचं असे, त्याला वेगळं विकत घ्यावं लागत नसे. हे शेवटचं माझ्या डोक्यातून जाईना.

घरी बाबा जेवत होते. मी सरळच विचारलं, "बाबा, तुमी गुलाम हाये का?"

बाबांचा घास हातातच राहिला. कोणी सांगितलं, काय सांगितलं, सगळं माझ्याकडून वदवून घेतलं आणि असे भडकले की बाप रे! "मले कोनी इकत नाई घेतलं! मी पाडव्याले सोडू शकतो. त्यायले होता का पाडवा?"

"नवता."

"मंग?"

"मंग तुमी कधी सोडलं काऊन नाई?"

"गप बस वं," माय चुलीपुढून ओरडली. बाबांनी भाकर संपवली, हात धुतले आणि बाहेर निघून गेले.

बाबांचं बरोबर होतं, हे मी आजही ठासून सांगते. सालदार म्हणजे गुलाम नव्हे. त्या माणसांनी जे भोगलं त्याच्या पंगतीला आमची शेणाची टोपली बसवणं म्हणजे त्यांच्या मरणाची थट्टा. पण फरक कुठे आहे, ते बाबांनीच तर सांगितलं होतं. आम्हाला वर्षातला एक दिवस मोकळा होता. मग तो दिवस वापरायचा नाही तर काय देव्हाऱ्यात ठेवायचा? त्या दिवसापासून मी रोज जेवताना विचारायला लागले, "बाबा, मी सालात हाये का?" बाबा ताट उचलून बाहेर जाऊन बसायचे. मी काही थांबले नाही.

पाडव्याला मी बाबांच्या मागोमाग ओसरीवर गेले. मालक वाईट नव्हते, हीच तर पंचाईत होती. मायला त्यांनीच बंडी जुंपून दवाखान्यात नेलं होतं. ओसरीवर सुपारी होती, घोंगडी होती, बाबांचा जोडा होता आणि त्याच्या शेजारी एक लहान, कोरी करकरीत चप्पल. माझ्या मापाची. मी जन्मात कधी पायात काही घातलं नव्हतं.

"घाल वं पोरी," मालक मायेनं म्हणाले. "लाजून काऊन राह्यली?"

देवाशपथ, मला ती चप्पल हवी होती. तिचा नवा वास अजून आठवतो. "नाई घालत मालक," मी म्हटलं. "मले दहावी कराची हाये."

मालक हसले. "पोट्टी लय बोलते रे तुही!"

बाबा वाकले. मला वाटलं, झालं, आता घालतात जोडा. त्यांनी लहान चप्पल उचलली आणि मालकाच्या बाजूला सरकवली. "मालक, पोरगी सालात नाई."

"मंग गोठा कोन करन?"

"माही बायको बी सालात नवती. तुमी कधी इचारलं नाई, म्या कधी सांगतलं नाई."

मालकाचा चेहरा उतरला. मग म्हणाले, "तसं असन, तर खोपडी खाली करा लागन." बाबांनी आपला नवा जोडाही चपलेशेजारी सरकवला. पायातला जुना मागच्या सालाचा, म्हणजे मालकाचाच. तोही पायरीवर काढला.

पुढे आम्ही वर्ध्याजवळच्या नालवाडीला मामाकडे गेलो, बाबांनी कापसाच्या जिनिंगमध्ये हमाली धरली आणि मी वर्ध्यात दहावी झाले. पण ते नंतरचं. त्या दुपारी चैत्राचं ऊन मी म्हणत होतं आणि वाटेवरचा फुफाटा नुसता भाजत होता. बाबांना अनवाणी चालायची सवय उरली नव्हती, पावलापावलाला पाय उचलत होते. मी पुढे झाले आणि शेताच्या बांधावर, धुऱ्यावर चढले.

"माह्या मांगं या बाबा," मी म्हटलं. "धुऱ्याच्या गवतावरून चाला. मले सवय हाये."