मामाजींचा आवाज आणि हमीदाभाभीचा पाक

"खाला, अम्मी गेली," एवढंच नूरजहाँ फोनवर म्हणाली. मी तेव्हा लेकाकडे नागपूरला होते. नूरजहाँ ही हमीदाभाभीची सून, आणि हमीदाभाभी म्हणजे नेरला माझ्या भिंतीला भिंत लावून राहिलेली माझी मैत्रीण. तिला जाऊन आता महिना होत आला. रडायचं ते रडून झालं. पण तिची आठवण निघाली की मला हसूच फुटतं. बाई म्हणजे नुसती धांदल! तिचे मियाँ कापसाच्या जिनिंगमधल्या मशिनी दुरुस्त करायचे आणि ही माणसं दुरुस्त करायला निघायची.

महाराष्ट्र झाला त्या हिवाळ्यातली गोष्ट. माझे सासरे, म्हणजे मामाजी, कापूस बाजारात हर्रास, म्हणजे लिलाव, पुकारायचे. शेतकऱ्यांच्या बैलबंड्या ओळीनं उभ्या असायच्या आणि मामाजी अशी बोली पुकारायचे की आमच्या अंगणात ऐकू यावी. ऐन हंगामात थंडी पडली, छातीत कफ धरला आणि आवाजच बसला. तोंडातून नुसती हवा निघायची. आडत्यांचा निरोप आला, सोमवारपर्यंत वाट पाहू, नाही तर दुसरा माणूस उभा करू. मामाजी खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडले. मी चुलीपाशी रडत बसले.

हमीदाभाभी कणकेच्या हातांनीच धावत आली. "काहून रडून राह्यली वं? सोमवार लय दूर हाय. चाल, अडुळसा तोडू!"

आमच्या शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, अडुळसा माजलेला होता. मी पदरात, तिनं ओढणीत पानं भरली. घरी येऊन पाट्यावर वाटली, रस पिळला, आलं, तुळस, ज्येष्ठमध टाकून उकळत ठेवला. खडीसाखर पडल्यावर काय वास सुटला! मामाजी बरे झाले तर कसे पुकारतील याच्या नकला करण्यात आम्ही दोघी अशा रंगलो की पाकाचा दगड झाला. काळाकुट्ट दगड! भाभीनं बत्ता घातला तरी फुटेना. "हे तं आता जिनिंगच्या मशिनीतच घाला लागते!" म्हणत ती मटकन खाली बसली आणि रडता रडता मीही हसत सुटले.

दुसऱ्या दिवशी पुन्हा धुरा, पुन्हा पाटा. या वेळी ती चुलीपासून हललीच नाही आणि मला तोंड उघडू देईना. पाक एकतारी झाला तसं पातेलं उतरवलं, फडक्यातून गाळलं, निवल्यावर मध घातला. मामाजींनी वाटी पाहूनच नको म्हणून हात हलवला. भाभी दारातूनच बोलली, "चाचाजी, तुमी नाई पुकारलं तं बजार सुरू झाला हे आमाले कसं समजन?"

मामाजी वळले. एका घोटात वाटी संपवली, तोंड वाकडं केलं, आणि थोड्या वेळानं खुणेनंच पुन्हा मागितली.

सोमवारी ते फेटा बांधून गेले. आम्ही अंगणात तूर निवडायला बसलो, पण सुपाकडे लक्ष कुणाचं! बराच वेळ बैलांच्या घंटाच ऐकू आल्या... आणि मग आला! जरा फाटका, पण मामाजींचाच! भाभीनं सूप भिरकावलं, मला धरून गरगर फिरवलं. "शांते, आला वं, आला!" तूर अंगणभर पांगली.

तेव्हापासून दर हिवाळ्याच्या तोंडाशी आमच्या दोन चुली एक व्हायच्या. अर्धं गाव बाटल्या घेऊन यायचं. पुढे मामाजी गेले, आमचे गुडघे गेले. पाक काही सुटला नाही.

मी नागपूरहून परतले आणि परवा नेरला थंडी पडली. अडुळशासाठी पिशवी घेऊन निघाले आणि सवयीनं तिच्या दाराशी हाक मारली, "भाभी, चाल वं!" शब्द निघून गेला आणि मी माघारी वळायला लागले... आत भांड्यांचा आवाज थांबला. नूरजहाँ बाहेर आली. डोळे भरलेले होते, पण पाय चपला शोधत होते.

"थांबा खाला," ती म्हणाली, "येऊन राह्यली."