बाबांच्या उशाखालची डबी

आमच्या मुलुंडच्या घरी वनखात्याचे लोक आले ते बाबांच्याच तक्रारीवरून, आणि तक्रार होती त्यांच्या सख्ख्या बहिणीवर. नातेवाईक हा किस्सा अजून हसत हसत सांगतात. त्यात हसण्यासारखं काय आहे, मला कळत नाही.

बाबा वनखात्यातून निवृत्त झालेले. प्राण्यांची चोरटी विक्री पकडणं हे त्यांचं काम. भांडुपच्या खोल्यांतून पोपटांची पिल्लं, विमानतळाकडे निघालेल्या बॅगांतून कासवं, काय काय सोडवलं त्यांनी. बक्षीस म्हणून बदल्या झाल्या आणि शेवटी एक शाल मिळाली. पण त्यांच्या डोक्यात खरी तिडीक जायची ती हत्ताजोडीच्या नावाने. जोडलेल्या हातांसारखी दिसणारी ही वस्तू शेंदूर फासून, चांदीच्या डबीत घालून दुर्मिळ मुळी म्हणून विकतात. मुळीबिळी काही नसते. घोरपडीच्या नराचं कापून वाळवलेलं लिंग असतं ते, आणि शिकलेसवरलेले लोक त्याला रोज उदबत्ती ओवाळतात.

गेल्या वर्षी बाबांची उजवी बाजू गेली, बोलणं जड झालं. आत्या, त्यांची थोरली बहीण, बोरिवलीहून रोज यायची, भरवायची, पाठ पुसून द्यायची. एका सकाळी चादर बदलताना त्यांच्या उशाखाली मला चांदीची डबी सापडली. बाबांनी ती माझ्याकडून उघडून घेतली आणि एकदाच वास घेतला.

"ताई, हे कुठून आणलंस?"

"मुळी आहे रे. तुझ्या जिवासाठी आणली. देणाऱ्याचं नाव सांगितलं की गुण जातो म्हणतात."

"माझ्या जिवासाठी घोरपड मारलीस?"

आत्या रडायला लागली. मला तिची दया आली. "जाऊ दे ना बाबा, मी टाकून देते," मी म्हटलं.

"हात लावू नकोस. पंच बोलाव."

दोन साक्षीदारांसमोर जप्ती झाल्याशिवाय त्यांचं पान हलत नसे. मग मी शेजारच्या दोघांना बोलावलं आणि खात्यात फोन केला. खात्याची माणसं आली, चहा प्यायली, आणि त्यांच्यातला मोठा म्हणाला, "साहेब, घरचंच मॅटर आहे, मिटवून टाकू ना. डबी आम्ही नेतो." माझी तळपायाची आग मस्तकात गेली. ज्या कामापायी हा माणूस जन्मभर वाईटपणा घेत आला, ते काम ह्यांना मिटवून टाकायचं होतं!

"घोरपड घरची नव्हती," बाबा म्हणाले. मग आत्याकडे वळले. "ताई, नाव सांग. नाहीतर केस तुझ्यावर होईल. जामीन मी देईन."

आत्याने पदर तोंडाला लावून डबी देणाऱ्या गुरुजीचं नाव सांगितलं. त्याला अटक झाली आणि तो जामिनावर सुटलाही. पुढच्या महिन्यात बाबा गेले.

तेराव्याला आमच्याच घरी, आमच्याच पंक्तीत बसून लोक कुजबुजले, डबी राहिली असती तर माणूस राहिला असता. आत्याने ते ऐकलं आणि ती भरल्या पानावरून उठली. आपण नाव घेतलं म्हणून भाऊ गेला, हे तिच्या मनात तिथेच बसलं. त्या लोकांना मी कधीही माफ करणार नाही.

परवा अंधेरीला ऑफिसात एक मैत्रीण सांगत होती, "अगं, एक गुरुजी आहेत, जबरदस्त पॉवर! एका फॉरेस्ट ऑफिसरने त्यांची डबी घरातून काढली, तर महिन्यात खलास. ते स्वतःच सांगतात सगळ्यांना."

म्हणजे हा माणूस आता माझ्या बापाच्या मरणावर धंदा करतोय. मी पत्ता मागितला. मलाही डबी हवीय असं वाटून तिने तो हौसेने पाठवला. गुरुजीने फक्त जागा बदलली होती.

संध्याकाळी बोरिवलीला जाऊन आत्याला सगळं सांगितलं. ती उठून चपला घालायला लागली.

"चल," ती म्हणाली. "ह्या वेळी तक्रार मी देते."