चरबी हातानं ओळखणारा

मी आणि बायकोनं मिळून केलेलं शेवटचं साधं काम म्हणजे आमचा म्हातारा बैल भिवंडीच्या बाजारात विकायला नेणं. तिला तो विकायचा नव्हता, तरी दावं धरून बरोबर आली.

खाटकांसाठी जनावरं घेणारा एक व्यापारी आला. त्याचं नाव मी विचारलं न्हाय. त्यानं बैलाचे दात बघितलेच नाहीत. डोळे मिटून शेपटीच्या मुळाशी हात फिरवला, बरगडीवर अंगठा दाबला आणि हसला.

"चाचा, नुसत्या गवतावरच्या बैलाची चरबी पिवळी आन मऊ. सरकी पेंड खाणाऱ्याची पांढरी, घट्ट. ह्याची घट्ट हाय. काम बंद, खुराक चालू!"

"दोन वर्षं मी पेंड घातली न्हाय," मी म्हटलं.

बायको आभाळाकडं बघायला लागली.

"चाची, चाचाला पण एवढं चारता काय?"

"ह्यांनी कुठं नांगर ओढलाय? हे नुसते मागनं चालायचे!"

आजूबाजूचे सगळे हसले. मग तो हळूच म्हणाला, "लाडाचं जनावर मी घेत न्हाय. घरी न्या."

चार दिवसांनी ती तापानं गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दावणीला बैल हंबरत होता. तिनं पेंड कुठं लपवून ठेवलीय, ते मी घरभर शोधत फिरलो.