आत्यांनी थाटलेलं बिऱ्हाड

दुसऱ्याच्या कामात हात न घालताही माणसाला जगता येतं, ही बातमी माझ्या नवऱ्याच्या आत्यांपर्यंत अजून पोचलेली नाही. लग्न होऊन मी पुण्याहून हैदराबादला आले, तेव्हा माझ्या खोक्यांच्या दोऱ्या सुटायच्या आत त्या काचीगुड्याहून हजर झाल्या आणि संध्याकाळपर्यंत माझं स्वयंपाकघर त्यांच्या मनासारखं लागलं. हिंगाची डबी त्यांनी ज्या फळीवर ठेवली तिथं माझा हात पोचत नाही. डबी अजून तिथंच आहे. बेगम बाजारात त्या स्वतःसाठी पाव किलो जिरं घ्यायला जातात आणि शेजारच्या अनोळखी बाईची तूरडाळ बदलून देऊन येतात. रिक्षात बसल्या की रिक्षावाल्याला रस्ता सांगतात आणि सिग्नलला थांबलं की बाजूच्या मोटारसायकलवरच्या मुलीला ओढणी आवरायला सांगतात. आबिड्सच्या एका सरकारी कचेरीत त्यांनी जन्मभर नोकरी केली. तिथले साहेब बदलले की नव्या साहेबांना आधी आत्या समजावून सांगायच्या म्हणे, की साहेबांनी कसं वागायचं असतं.

लग्न त्यांनी केलं नाही. घरी धाकटे भाऊ होते, बापूकाका. त्यांची समज लहानपणापासून सावकाश चालायची. शाळेत ते टिकले नाहीत आणि पुढं आईवडील गेल्यावर ते आत्यांच्या वाट्याला आले, किंवा आत्यांच्या भाषेत, आत्या त्यांच्या वाट्याला आल्या. बापूकाकांचा भांग आत्या पाडायच्या, शर्टाची बटणं आत्या लावायच्या, आमटीतला कढीपत्ता आत्या वेचून काढायच्या. काकांचे केस पिकले तरी यात फरक पडला नव्हता. काकांना कुणी काही विचारलं की उत्तर आत्या द्यायच्या. "बापू, बरा आहेस का?" असं मोठ्या भावानं, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, विचारलं की आतून आवाज यायचा, "बरा आहे, रात्री खोकला होता जरासा."

मग आत्या न्हाणीघरात घसरल्या, गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि बापूकाका आमच्याकडे राहायला आले. पहिल्या दिवशी सकाळी मी त्यांच्यापुढं केळं ठेवलं आणि कामाला लागले. बऱ्याच वेळानं पाहिलं तर काका केळ्याकडे बघत बसलेले. रुसलेले नव्हते, भुकेलेले होते. केळं सोलायचं काम त्यांचं नव्हतं, एवढंच. नवऱ्यानं हे दवाखान्यात हसत हसत आत्यांना सांगितलं. आत्या हसल्या नाहीत. भिंतीकडे तोंड करून पडून राहिल्या, आणि त्या दिवशी नर्सलासुद्धा काही शिकवलं नाही. दुसऱ्या दिवशी मला म्हणाल्या, "पोरी, मी मेल्यावर त्याचं केळं कोण सोलणार, हे मी विचारातच घेतलं नाही बघ."

आत्यांच्या स्वभावात अधलंमधलं काही नाही. काठी टेकत चालायला लागल्या तशा त्या एका संस्थेत जाऊन थडकल्या. बापूकाकांसारख्या किंवा हातापायांनी अधू असलेल्या माणसांना चार लोकांसारखं आपापल्या गल्लीत, आपल्या घरात राहता यावं म्हणून ही संस्था धडपडते. आत्यांनी तिथं सांगून टाकलं, "मला माझ्या डोळ्यांदेखत तो माझ्याशिवाय राहायला हवा." तिथल्या सुनीता नावाच्या तेलुगू कार्यकर्तीनं मलकपेठेत तळमजल्यावरचं घर बघितलं आणि जोडीला यादगिरी नावाचा माणूस बघितला. यादगिरी चाकाच्या खुर्चीतून फिरतो, मोबाइल दुरुस्त करतो आणि जगातल्या प्रत्येक गोष्टीवर त्याचं मत असतं. आत्यांनी घरमालकाशी भांडून दारापुढच्या पायऱ्यांवर उतार बांधून घेतला. उतार बरोबर झाला की नाही हे बघायला त्या स्वतः यादगिरीच्या खुर्चीत बसल्या आणि थेट समोरच्या इस्त्रीवाल्याच्या गाड्यावर जाऊन आदळल्या. लागलं कुणाला नाही, पण गवंड्याला उतार पुन्हा करावा लागला.

बापूकाका तिथं राहायला गेले, पण खरी कसोटी पुढंच होती. सुनीता घरी येऊन काकांना चहा करायला, कपडे घडी करायला शिकवायची आणि आत्यांनी नुसतं बसायचं, असा नियम होता. काका साखरेच्या डब्याऐवजी मिठाचा डबा उचलायचे आणि आत्यांचे हात आपोआप पुढं यायचे. "अम्मा, हाथां पीछे," सुनीता म्हणायची. हातांना काहीतरी उद्योग हवा म्हणून आत्यांनी क्रोशाची सुई घेतली. काका जितके चुकत, तितकं विणकाम वाढे. त्या दिवसांत आमच्या टीव्हीला, मिक्सरला, गॅसच्या सिलिंडरला जाळीदार झबली आली. माझ्या लॅपटॉपलाही एक आलं. ऑफिसमध्ये लोक त्याचा फोटो काढून नेत.

मलकपेठेहून बसनं अफझलगंजला उतरून बेगम बाजारातल्या मसाल्याच्या दुकानात पाकिटं भरायला जायचं, हे काम काकांना मिळालं. काका एकटे निघाले त्या पहिल्या दिवशी आत्या पदर नाकापर्यंत घेऊन रिक्षातून बसच्या मागं निघाल्या. अफझलगंजला काका उतरले, सरळ रिक्षापाशी आले आणि वाकून म्हणाले, "आक्का, कुठं चाललीस? हरवलीस का?" मग त्यांनी आत्यांचा हात धरला, परतीच्या बसमध्ये बसवलं आणि कंडक्टरला दाखवून दिलं. "आधार कार्ड दाखव. बायकांना तिकीट नसतं," असंही समजावलं, आणि कामाला निघून गेले.

माझ्या सासऱ्यांना मात्र यातलं काही मान्य नव्हतं. "सख्ख्या भावाला घराबाहेर काढलं असंच लोक म्हणणार," असं ते म्हणायचे, आणि हळूहळू त्यांनी बहिणीशी बोलणं सोडलं. अशातच एका दुपारी यादगिरीचा फोन आला: दूध उतू जाताना काकांनी पातेलं नुसत्या हातानं उचललं आणि पंजा भाजला. सासरे मला म्हणाले, "गाडी काढ. तिला सांग, त्याला घेऊनच यायचं." मी वाटेत आत्यांना गाडीत घेतलं. काचीगुड्याहून मलकपेठेपर्यंत त्यांनी मला एकदासुद्धा रस्ता सांगितला नाही, तेव्हाच माझ्या लक्षात आलं की त्यांचं काही खरं नाही.

काका कॉटवर बसले होते, हाताला मलम लावलेलं. आत्यांनी कोपऱ्यातली पिशवी ओढली आणि त्यांचे कपडे भरायला घेतले. काकांनी चांगल्या हातानं एक शर्ट बाहेर काढला आणि घडी नीट करून कॉटवर ठेवला. आत्यांनी पँट भरली, काकांनी पँट काढली. बराच वेळ हे असंच चाललं. यादगिरीनं टीव्हीचा आवाज बंद केला आणि मुक्या बातम्या बघत बसला. मी दारात उभी होते. शेवटी काकांनी आत्यांचं मनगट धरलं आणि त्यावरचा जुना, तेलानं भाजल्याचा डाग दाखवून म्हणाले,

"आक्का, तुझाबी हात भाजला होता की. तुला कुणी घरातनं नेलं का?"

आत्या पिशवीशेजारी बसल्या. काकांचा पंजा उलटसुलट करून बघत त्यांनी विचारलं, "मलम कुणी लावलं?"

"यादगिरीनं. आधी मीच नळाखाली धरला. मग सुनीताला फोन केला."

"पानी बी, फोन बी, दोनों काम बराबर करे ये, अम्मा," यादगिरी टीव्हीकडेच बघत म्हणाला.

"पातेलं फडक्यानं धरायचं असतं," आत्या म्हणाल्या.

"हौ. आता माहीत आहे."

आत्यांनी पिशवी रिकामी करून खिळ्याला अडकवली. तिथूनच त्यांनी सासऱ्यांना फोन लावला आणि एवढंच सांगितलं, "तो येत नाही म्हणतो. मी कोण आणणार? त्याचं घर आहे ते." सासरे त्यानंतर बरेच दिवस घुश्शात होते. मग एक दिवस कुणाला न सांगता मलकपेठेला जाऊन आले. परत आल्यावर म्हणाले, "चहा बरा करतो. साखर जास्त टाकतो." त्या घरावर याहून अधिक त्यांनी कधी काही म्हटलं नाही.

मागच्या महिन्यात मी काचीगुड्याला गेले होते, तर बापूकाका पाहुणे म्हणून आलेले होते. आत्यांनी पोहे केले. कढीपत्ता त्यांनी वेचला नाही. काकांनी तो एकेक पान करून बशीच्या कडेला लावला. दुकानातल्या गप्पा झाल्या, यादगिरीच्या तक्रारी झाल्या. मग काकांनी घड्याळ बघितलं आणि ते उठले. "आक्का, जातो. घरी कपडे भिजत घातलेत."

आत्या दारापर्यंत आल्या. "जातो म्हणत नसतात, बापू," त्या हलक्या आवाजात म्हणाल्या. "येतो म्हणायचं."

काका चप्पल घालता घालता थांबले. इतक्या वर्षांत त्यांना हे शिकवायची वेळच कधी आली नव्हती.

"येतो," ते म्हणाले आणि जिना उतरून गेले. आत्या कठड्याशी उभ्या राहिल्या. खाली काकांनी रस्ता ओलांडला, बस आली, गेली. मी आत जाऊन बशा विसळल्या, पुसल्या, मांडणीवर मुद्दाम चुकीच्या जागी लावल्या. आत्या आत आल्याच नाहीत.