नील बेटावर मी गाडीत बसलो नाही

अंदमानले जाऊन आलो म्हटलं की लोक आमच्या पोट्ट्याचं कौतुक करतात. रायपूर राजधानी झालं, तो मंत्रालयात लागला, सरकारी सवलतीत बापाले विमानानं समुद्र दाखवला. नेलं त्यानं, हे खरं. पाहिला मात्र मी माझ्या हिमतीवर. चौथी शिकलो, तरी एवढं लिहिता येते मले.

नील बेटावर पहिल्या सकाळी भरतपूरचा किनारा केला. जाणाऱ्यानं तो चुकवू नये. पाणी उथळ, हिरवं, तळची वाळू दिसते. मी रायपूरच्या तात्यापाऱ्यातला माणूस, जन्मभर तिथल्या बुढ्या तलावात आंघोळ केली. कपडे पाण्यालगतच्या पायरीवर ठेवायचे, म्हणजे नजरेसमोर राहतात, ही आमची रीत. इथंही तेच केलं. पाण्याजवळ धोतर, कुडता, त्यावर चष्मा, बाजूले चपला. पंचा गुंडाळून कमरेएवढ्या पाण्यात गेलो. तलावाचं पाणी जिथल्या तिथं राहते. हे वर चढून राहिलं होतं, मले कळलंच नाही. वळून पाहतो तर कपडे ठेवले ती वाळूच नाही. धोतर तरंगताना सापडलं, कुडता सापडला. चष्मा अन् चपला गेल्या.

सुनेनं तोंड फिरवून हसू दाबलं. पोट्ट्याले मराठी समजते, पण बोलते हिंदीत.

"बाबा, अब आप गाड़ी में ही बैठेंगे. सब जगह."

ते 'सब जगह' मले लागलं. अजून चार दिवस अन् कितीक किनारे बाकी होते. पिशव्या राखायले मी एवढ्या दूर आलो काय?

दुपारी ओहोटी पाहून लक्ष्मणपूरले गेलो. तिथं समुद्रानं कोरलेली दगडाची कमान आहे. तिच्यापर्यंत ओल्या, शेवाळलेल्या, धारदार खडकांवरून जावं लागते. टॅक्सीवाल्या भैयानं बजावलं, पाणी भरायच्या आत परता. पोट्ट्यानं माझ्या बाजूचं दार उघडलं नाही. मी दुसऱ्या बाजूनं उतरलो अन् टपरीवर रबरी जोडे घेऊन पायात घातले.

सून म्हणाली, "मामाजी, चष्म्याबिगर कसे जाल?"

"रेल्वेच्या गिट्टीवर गँगमन म्हणून जन्म गेला. अंधारात कोणता चष्मा होता?"

गँगमनचं चालणं सोपं असते. पाय टेकवायचा, दगड हलला तर भार टाकायचा नाही, नाही हलला तर दुसरा पाय उचलायचा. तसाच निघालो. दोनदा बसावं लागलं, दम लागला म्हणून, भीतीनं नाही. पोट्टा मागून हात धरायले पाहे, मी धरू देत नव्हतो. अर्ध्या वाटेवर त्याचाच पाय सटकला. त्यानंतर त्यानं हात पुढं करणं सोडलं, अन् मी जिथं पाय ठेवला तिथंच आपला ठेवू लागला.

कमानीखाली पोचलो. खोटं काहून सांगू, मले ती धड दिसली नाही. वर काळं काहीतरी, पलीकडे चमकणारं पाणी, एवढंच. म्हणून हात लावून पाहिली. वरून उन्हानं तापलेली, खाली गार, अन् खरखरीत. बराच वेळ हात काढला नाही.

पोट्टा जवळ येऊन म्हणे, "कैसा लगा?"

"उद्या सीतापूरच्या किनाऱ्यावर उगवता सूर्य पाहायले किती वाजता निघायचं, ते सांग."

त्यानं वेळ सांगितली. गाडीत बसायचं नाव काढलं नाही.