शेवटचं पान आधी

टेबलावर अर्धी वाचलेली कादंबरी होती आणि तिच्यावर लॅबमधून आलेलं पाकीट. सकाळपासून मी दोन्हींना हात लावला नव्हता.

मी तशी भित्री वाचक. नवी कादंबरी आणली की आधी शेवटचं पान उघडते. आपलं माणूस शेवटपर्यंत जिवंत आहे ना, एवढं बघते आणि मगच पहिल्या पानावर येते. परगावी निघतानाही मी परतीचं तिकीट आधी काढते. ह्यांना ते मुळीच पटत नाही. "मग लेखकाने चारशे पानं उगाच खरडली का?" म्हणून चिडतात. मी म्हणते, "शेवट गोड आहे हे कळलं, की मधल्या पानांवर मला सुखाने रडता येतं."

पाकीट ह्यांचं होतं. मानेजवळ गाठ आली होती, तिचा तुकडा तपासायला दिला होता. दुपारच्या चहाला ते समोर बसले आणि म्हणाले, "फोड आता."

आत दोनच पानं होती. निष्कर्ष दुसऱ्या पानाच्या तळाशी असतो, हे मला ठाऊक होतं. पण पान उलटायला हात होईना. कादंबरीतलं माणूस गेलं, तरी पहिलं पान उघडलं की पुन्हा भेटतं. इथे तशी सोय नव्हती. मी ह्यांचं नाव वाचलं, मग वय, मग डॉक्टरांचं नाव.

"अगं, शेवटी काय लिहिलंय ते बघ ना आधी." त्यांनी चहा तसाच बाजूला सारला.

"थांबा हो, आत्ता कुठे सुरुवात झालीय," मी म्हटलं आणि पुन्हा त्यांच्या नावापासून वाचायला लागले.